सोडून दिलेल्या पाळीव सापाच्या त्वचेला संसर्ग झाला तर: नवख्यांसाठी उपचारांचा क्रम

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीतून ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी फोन आला. बदली होऊन परगावी गेलेल्या भाडेकरूने गॅलरीत झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा मागे ठेवला होता आणि त्यात साप होता. आम्ही गेलो तेव्हा डब्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते आणि तळाशी पसरलेला काथ्याचा भुसा मुठीत दाबला की पाणी ठिबकत होते. साप म्हणजे पावणेचार फुटांची बॉल पायथॉनची मादी होती. वरून पाहता तिच्यात काही दोष दिसत नव्हता. मात्र दोन्ही हातांनी उचलून पोट उजेडाकडे वळवले तेव्हा पोटाच्या रुंद आडव्या खवल्यांपैकी अकरा खवल्यांच्या कडा तपकिरी होऊन उचकटल्या होत्या, दोन ठिकाणी वाटाण्याएवढे पाणीदार फोड होते आणि कुबट, आंबूस वास येत होता.

परदेशी जातीचे साप हौसेने आणून नंतर सोडून देण्याचे प्रकार शहरात वाढले आहेत, आणि असा साप ज्यांच्याकडे येतो त्यांतल्या बहुतेकांनी पूर्वी कधी साप सांभाळलेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. यात सांगितलेला क्रम पशुवैद्यकाला पर्याय नाही. डॉक्टरकडे जाईपर्यंत, आणि तिथून परत आल्यावर घरी जे रोज करावे लागते, त्याची ही मांडणी आहे. बहुतेक नवखे लोक पहिला प्रश्न मलमाचा विचारतात. माझ्या अनुभवात औषधाचा क्रमांक दुसरा लागतो. ओल, थंडी आणि घाण यांमुळे हा आजार होतो, आणि त्या तिन्ही गोष्टी डब्यात तशाच ठेवून वर कितीही महागडे मलम लावले तरी दोन आठवड्यांनी फोड पुन्हा दिसतात.

आधी साप कोणता, हे ठरवा

उपचार सुरू करण्यापूर्वी साप देशी आहे की परदेशी, हे निश्चित करणे आवश्यक आहे. धामण, नाग, दिवड, अजगर यांसारखे देशी साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते घरी ठेवता येत नाहीत, आजारी असले तरी नाहीत. असा साप जखमी सापडल्यास वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे आणि वनविभागाशी जोडलेल्या सर्पमित्राच्या हाती तो सोपवावा. लहान अजगर आणि बॉल पायथॉन यांत नवख्याचा गोंधळ होऊ शकतो, म्हणून ओळख पटेपर्यंत कोणताही साप हाताळू नये. घोणसही अंगावरच्या ठिपक्यांमुळे अनेकांना अजगराचे पिल्लू वाटते आणि ती चूक जिवावर बेतते.

बॉल पायथॉन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बिनविषारी साप आहे आणि वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. अधिनियमात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून साइट्सच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद करणे बंधनकारक आहे. या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले आणि अर्ज ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावा लागतो. सोडून दिलेल्या सापाची कागदपत्रे बहुधा नसतातच. म्हणून साप ताब्यात घेतानाच वनविभागाला लेखी कळवावे, पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. आम्ही त्या मादीच्या बाबतीत हेच केले, आणि पुढे ती पोच दोन वेळा दाखवावी लागली.

पहिल्या दिवशी फक्त पाहणी

साप घरी आल्यावर त्याला लगेच धुण्याचा मोह आवरावा. हातात नायट्राइलचे हातमोजे घालावेत, टेबलावर पांढरे कापड अंथरावे, आणि एकाने साप दोन्ही हातांवर आधार देऊन धरावा, तर दुसऱ्याने हनुवटीपासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या मलद्वारापर्यंत सगळे पोट पाहावे. प्रत्येक डागाचा फोटो काढताना शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे; चार दिवसांनी डाग वाढला की आटला, हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडले तर आपण स्वतःला हवे तेच पाहतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर झाकणाचा डबा ठेवून वजन घ्यावे. आमची मादी ९४० ग्रॅम भरली.

आता काय दिसते आहे, याचा अर्थ लावायचा. कुजकी कडा, पिवळसर ते तपकिरी रंग, खवल्याखाली साठलेले पाणी आणि वास ही त्वचासंसर्गाची खूण आहे. याला पाळणारे लोक ‘स्केल रॉट’ म्हणतात. सुरुवातीच्या फोडांतले पाणी स्वच्छ असते आणि त्यात जंतू नसूही शकतात, पण फोड फुटला की स्यूडोमोनास, एरोमोनास यांसारखे ओलीत वाढणारे जीवाणू त्या वाटेने आत शिरतात. एकाच जागी, बहुधा पोटाच्या मध्यावर, लालसर-तपकिरी मोठा पट्टा असेल तर तो हीटरने भाजल्याचा डाग असू शकतो. दातांच्या जोडखुणा किंवा तुटके खवले असतील तर डब्यात जिवंत उंदीर सोडल्याचा तो परिणाम असतो. उपाशी उंदीर सुस्त सापाला कुरतडतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. अंगावर कोरडे, जाड, पिवळसर खपले आणि चेहऱ्यावर सूज असेल तर बुरशीची शंका घ्यावी. तिच्यावर जीवाणूंची औषधे चालत नाहीत.

खवल्याखाली टणक गाठ लागली तर तो गळू असतो. माणसाचे गळू पिकून फुटते आणि वाहून जाते. सापाचा पू मात्र पनीरासारखा घट्ट असतो, दाबून निघत नाही आणि शेकूनही उतरत नाही. ते काम शस्त्रक्रियेचे आहे.

दोन गोष्टींना घाबरू नये. बॉल पायथॉनचे पोट कात टाकण्याच्या आधी गुलाबी दिसते आणि डोळे दुधी होतात. हा आजार नव्हे. तसेच काथ्याच्या भुशाचा रंग कधीकधी पोटाला लागतो. ओल्या कापसाने पुसल्यावर डाग निघाला, खवल्याची कड गुळगुळीत लागली आणि वास नसला, तर तो केवळ डागच समजावा. उलट, डोळे दुधी नसताना पोटभर लालसर झाक आली, सूक्ष्म रक्ताचे ठिपके दिसले, साप तोंड उघडे टाकून पडला किंवा हातात चिंधीसारखा लोंबू लागला, तर संसर्ग रक्तात उतरल्याची शक्यता असते. अशा वेळी हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

पाहणीतच माइट्स शोधावेत. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, काळे, सरपटणारे ठिपके हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्याच्या कडेला बसतात. अंगावर पांढरी राख भुरभुरल्यासारखे दिसते, साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो आणि त्या भांड्याच्या तळाशी काळे कण साचतात. हे परजीवी रक्त पितात आणि एका सापावरचे जंतू दुसऱ्यावर नेतात. घरात दुसरा साप असेल तर नव्याला वेगळ्या खोलीत किमान ९० दिवस ठेवावे, आणि दिवसाची कामे करताना निरोग्याकडे आधी, आजाऱ्याकडे शेवटी जावे.

उपचाराचा डबा

यासाठी काचेची पेटी घेण्याची गरज नाही. रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या दुकानांत मिळणारा, झाकणाला कुलपे असलेला ५० ते ६० लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो. दोन्ही लांब बाजूंना वरच्या भागात तापलेल्या सळईने भोके पाडावीत, कडा आतून घासून गुळगुळीत कराव्यात. तळाशी पांढरा टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा कोरा कागद अंथरावा. भुसा, माती, शेवाळ, लाकडी ओंडका यांतले काहीही महिना-दोन महिने आत जाऊ नये. पांढऱ्या कागदावर जखमेतून आलेला एक थेंबही दिसतो, माइट्स दिसतात आणि विष्ठा पडल्यापासून तासाभरात कागद बदलता येतो. लपण्यासाठी दोन खोकी ठेवावीत, एक उबदार टोकाला आणि एक थंड टोकाला. बुटाच्या खोक्याला दार कापले की काम होते आणि ओले झाले की फेकता येते. लपायला जागा नसलेला साप ताणाखाली राहतो आणि ताणाखालची जखम भरत नाही. पाण्याचे भांडे जड आणि लहान असावे, म्हणजे त्यात वेटोळे घालून बसता येणार नाही आणि सांडणारही नाही.

तापमानाकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. साप स्वतःची उष्णता तयार करत नाही. त्याची प्रतिकारशक्ती, पचन आणि औषधाचा अंगात होणारा प्रवास, सगळे बाहेरच्या उबेवर चालते. बॉल पायथॉनला उबदार टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २६ अंश लागतात, आणि आजारपणात रात्रीही हे तापमान फार खाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेक (हौसेने पाळला जाणारा आणखी एक परदेशी साप) असेल तर २८ ते ३० आणि २२ ते २४ पुरेसे होतात. नाशिकचा उन्हाळा यात फारसा त्रास देत नाही, फक्त एप्रिल-मे मध्ये वरच्या मजल्यावरची खोली ४० अंशांकडे जाते तेव्हा डबा खालच्या खोलीत आणावा लागतो. खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत असते. निफाडचा पारा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो त्या दिवसांत शहरातही किमान तापमान १० अंशांच्या खाली जाते, आणि फरशीवर ठेवलेला डबा पहाटेपर्यंत गार पडतो. डबा फरशीवरून उचलून टेबलावर ठेवावा, खाली थर्मोकोलचा तक्ता द्यावा.

ऊब देण्यासाठी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, डब्याच्या खाली, तळाच्या एक तृतीयांश भागाला लावावी आणि ती थर्मोस्टॅटशिवाय (ठरवलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या उपकरणाशिवाय) कधीही चालू करू नये. हे मी पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी थर्मोस्टॅटचे पैसे वाचवले, मॅटवर हात ठेवून ‘कोमट आहे’ असे ठरवले आणि झोपलो. तिसऱ्या दिवशी सापाच्या पोटावर तळहाताच्या लांबीचा लालभडक पट्टा उठला होता, आणि साप अजूनही त्याच जागी, त्याच मॅटवर वेटोळे घालून बसलेला होता. पोटाखालचा पृष्ठभाग भाजण्याइतका तापला तरी साप उठून जाईलच असे नाही, हे मला त्या दिवशी समजले. ती जखम भरायला पाच महिने लागले. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि डब्याचा तळ यांच्या मध्ये बसवावा, आणि आतल्या कागदावर वेगळ्या थर्मामीटरने रोज दोनदा खात्री करावी.

दमटपणाचे गणित पावसाळ्यात उलटे होते. जुलै-ऑगस्टमध्ये खोलीतलाच दमटपणा ८० टक्क्यांच्या पुढे जातो. पाळण्याच्या मार्गदर्शकांत ‘रोज पाणी फवारा’ असे लिहिलेले असते, ते कोरड्या हवामानासाठी असते. आमच्या मादीच्या डब्यात बहुधा असाच सल्ला पाळला गेला असावा. उपचाराच्या काळात बॉल पायथॉनसाठी ५० ते ५५ टक्के पुरे, कॉर्न स्नेकसाठी ४० ते ५०. दहा-बारा भोके जास्त पाडली आणि पंखा मंद ठेवला तरी फरक पडतो. हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजणारे उपकरण, झाकणाला न चिकटवता सापाच्या उंचीवर ठेवावा.

पावसात वीज जाते, तेव्हा कोमट पाण्याच्या दोन बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून डब्याच्या बाहेर टेकवाव्यात आणि सगळे थर्मोकोलच्या मोठ्या खोक्यात ठेवावे. बाटली थेट सापाजवळ नको.

जखम धुण्याची पद्धत

डॉक्टरांची भेट ठरेपर्यंत सौम्य जंतुनाशकाने जखम स्वच्छ ठेवणे सुरक्षित असते, आणि त्यासाठी पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते. बाटलीवरचा आकडा वाचावा, कारण आपल्याकडे ५ टक्के आणि १० टक्के अशी दोन्ही द्रावणे विकली जातात. ५ टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावणात नऊ भाग उकळून कोमट केलेले पाणी. १० टक्क्यांचे असेल तर एका भागाला एकोणीस भाग पाणी. म्हणजे दोन्ही वेळा सुमारे अर्धा टक्का द्रावण तयार होते, आणि त्याचा रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसतो. काळपट दिसले तर ते जास्त तीव्र आहे. साबणमिश्रित ‘स्क्रब’ घेऊ नये. नावात पोव्हिडोन असले तरी तो वेगळा पदार्थ आहे.

आधी सापाला दहा मिनिटे साध्या कोमट पाण्यात ठेवावे, म्हणजे तहानलेला असेल तर तो तिथेच पाणी पिऊन घेईल आणि पुढे आयोडीनचे पाणी पिणार नाही. मग दुसऱ्या टबात औषधी पाणी घ्यावे. पाण्याची खोली सापाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी असावी आणि तापमान २८ ते ३० अंश असावे. पंधरा मिनिटे पुरे होतात. या पंधरा मिनिटांत फोन घ्यायला उठू नये. बाहेर काढल्यावर जुन्या सुती ओढणीने किंवा धोतराच्या तुकड्याने टिपून घ्यावे, घासू नये, आणि खवल्यांच्या मधल्या घड्या पूर्ण कोरड्या होईपर्यंत साप कापडावरच राहू द्यावा. हा शेवटचा भाग घाईत टाळला जातो आणि मग धुणेच अपायकारक ठरते, कारण आपण त्याच ओलीत सापाला परत पाठवतो. जखम दोन-चार खवल्यांपुरती असेल तर बुडवण्यापेक्षा द्रावणात भिजवलेले गॉज पाच मिनिटे धरणे अधिक बरे.

कोरड्या झालेल्या उघड्या जागी भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम अगदी पातळ थरात लावता येते. पशुवैद्यकही बहुधा तेच सुचवतात. पट्टी बांधू नये, ती ओल धरते आणि साप सरपटताना सरकून गळफास बनते. फोड फोडू नयेत. न फुटलेल्या फोडातून सुईने पाणी काढून तपासणीला पाठवणे हे डॉक्टरांचे काम आहे आणि तो नमुना उघड्या जखमेच्या नमुन्यापेक्षा जास्त खरा असतो.

काय लावू नये, याची यादी प्रत्येक घरात वेगळी निघते. आमच्या शेजारच्या काकूंनी डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, “अहो, हळद आणि खोबरेल तेल लावा की, गाईच्या खुराला आम्ही तेच लावायचो.” काकूंचा हेतू चांगला होता आणि गाईच्या बाबतीत मी वाद घातला नाही, परंतु तेलाने खवल्यांच्या घड्यांत ओल कोंडते आणि हळदीचा थर बसला की खालचा रंग बदलतो आहे का, हे दिसेनासे होते. फिनेल आणि फिनॉल असलेली घरगुती जंतुनाशके सापाला विषारी असतात, त्यांचा वाससुद्धा डब्यात नको. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरल्यास भरत आलेली त्वचा पुन्हा जळते. वेदनाशामक मिसळलेली, म्हणजे ज्यांच्या घटकांत शेवटी ‘केन’ येते अशी लिडोकेन-बेंझोकेनची मलमे टाळावीत. कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किंवा फवारा माइट्ससाठी वापरून साप दगावल्याचे प्रसंग घडतात. माइट्सचे औषध, मात्रा आणि पुन्हा करण्याचे दिवस डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावेत, कारण फटींतली अंडी पहिल्या फेरीत मरत नाहीत.

डॉक्टर शोधणे आणि नेणे

नाशिकमध्ये कुत्री, मांजरे आणि जनावरे तपासणारे पशुवैद्यक पुष्कळ आहेत, पण सापाला हात लावणारे मोजके. फोनवरच तीन प्रश्न विचारावेत: आपण यापूर्वी सापावर उपचार केले आहेत का, जखमेचा नमुना कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीसाठी (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, या तपासणीसाठी) पाठवता का, आणि इंजेक्शन शरीराच्या कोणत्या भागात देता. तिसऱ्या प्रश्नाला ‘पुढच्या निम्म्या भागात’ असे उत्तर आले तर निश्चिंत व्हावे. सापाच्या मागच्या भागातले रक्त हृदयाकडे जाताना मूत्रपिंडातून जाऊ शकते, म्हणून तिथे दिलेले औषध मूत्रपिंडाला इजा करू शकते किंवा अंगी लागण्याआधीच बाहेर पडू शकते. बुरशीची शंका असल्यास नमुना कमी तापमानाला, २५ ते ३० अंशांना, वाढवून पाहण्याची विनंती प्रयोगशाळेला करावी. माणसांच्या नमुन्यांसाठी लावलेल्या ३७ अंशांत सापाची बुरशी अनेकदा उगवतच नाही.

गावात सोय झाली नाही तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय साधारण १७० किलोमीटरवर आहे. प्रवासासाठी साप उशीच्या सुती अभ्र्यात घालून अभ्र्याचे तोंड गाठ मारून बांधावे, अभ्रा भोके पाडलेल्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवावा आणि खोक्यावर ‘जिवंत साप, बिनविषारी’ असे लिहावे. गाडीत एसीचा झोत खोक्यावर नको; कसारा घाटात वाहतूक अडकते हे धरून पहाटे निघावे. वनविभागाची पोच सोबत असू द्यावी.

प्रतिजैविक लागेल की नाही, कोणते आणि किती, हे वजन आणि तपासणीवरून डॉक्टरच ठरवतात. अशा संसर्गात सेफ्टाझिडिम बऱ्याचदा वापरले जाते आणि ते दर ७२ तासांनी द्यायचे असते; कुत्र्या-मांजरांना दिवसातून दोन-तीनदा इंजेक्शने दिली जात असल्याचे पाहिलेल्या माणसाला हे अंतर चुकीचे वाटते आणि तो मधेच एक जास्तीचे द्यावे का, असे विचारतो. देऊ नये. हे अंतर साप सुमारे ३० अंशांच्या उबेत आहे असे गृहीत धरून ठरलेले आहे, म्हणजे डबा गार राहिला तर औषधाचे वेळापत्रकच बिघडते. एन्रोफ्लॉक्सासिनचे इंजेक्शन टोचलेल्या जागीच मांस कुजवू शकते, आणि अमिकासिन मूत्रपिंडाला जड जाते. ती दिली जात असतील तर सापाच्या अंगात पाणी पुरेसे आहे ना, हे विचारावे. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून उंदरात भरण्याचा उद्योग कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्यावा.

पुढचे आठवडे

रोजनिशी ठेवावी. तारीख, दोन्ही टोकांचे तापमान, दमटपणा, धुतले की नाही, मलम, विष्ठा, कागदावर डाग, आणि दर रविवारी वजन व फोटो, एवढे पुरे. सुरुवातीला आठ-दहा दिवस रोज धुणे, मग जखम कोरडी पडू लागली की एक दिवसाआड, असा क्रम बहुधा ठरतो.

पहिला आठवडा खायला देऊ नये. बॉल पायथॉन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो, त्यामुळे दयेपोटी घाई करण्याचे कारण नाही. नंतर नेहमीपेक्षा लहान, मेलेला, पूर्ण वितळलेला उंदीर चिमट्याने द्यावा आणि त्यानंतर ४८ तास साप उचलू नये, म्हणजे त्या दोन दिवसांत धुणेही नाही. वजन सुरुवातीपेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेले तर डॉक्टरांना कळवावे. आमच्या मादीने चौथ्या आठवड्यात पहिला उंदीर घेतला तेव्हा ती ९०५ ग्रॅम होती.

स्वच्छतेसाठी दर आठवड्याला डबा रिकामा करून साबणाने धुवावा, मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणाने दहा मिनिटे भिजवावा, भरपूर पाण्याने खळबळून उन्हात पूर्ण वाळवावा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नये. तुमचे हातही याच शिस्तीत येतात: धडधाकट सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, म्हणून टब स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुऊ नयेत, दर वेळी हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांना व गरोदर बायकांना या कामापासून दूर ठेवावे.

संसर्ग झालेला साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतो. खराब झालेला थर काढून टाकण्याचा तो शरीराचा मार्ग आहे. डोळे दुधी झाले की मलम थांबवावे, दमटपणा तेवढ्या दिवसांपुरता ६० टक्क्यांपर्यंत वाढू द्यावा आणि हात लावू नये. जखमेच्या जागी कात अडकली तर ओढू नये, तिथली नवी त्वचा सोबत निघून येते. कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून ओल्या टॉवेलातून सापाला स्वतःच सरकू द्यावे. वरवरचा संसर्ग दोन ते चार आठवड्यांत आटतो, खोल जखमेला तीन-चार काती आणि काही महिने लागतात. खवल्याचा मूळ थर गेला असेल तर तिथे सुरकुतलेला वण कायम राहतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी कात तिथेच अडकते, हे लक्षात ठेवावे.

टाकलेली कात फेकू नये. ती पाण्याने ओली करून पसरावी, पोटाची बाजू खिडकीच्या काचेला चिकटवावी आणि उजेडातून पाहावी. निरोगी खवला स्वच्छ, एकसारखा पारदर्शक दिसतो. रोगट जागी पिवळट धब्बा किंवा जाळीदार भोक दिसते, आणि जिवंत सापावर न दिसलेल्या जखमाही इथे मोजता येतात. पहिल्या कातीवर आम्हाला अकराऐवजी चौदा खवले खराब सापडले. नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या कातीवर ते सहा झाले, जानेवारीतल्या तिसरीवर दोन. ते दोन वण आहेत आणि तसेच राहतील. सलग दोन काती नव्या डागाशिवाय निघाल्यावर, आणि डॉक्टरांनी पाहिल्यावरच, आम्ही कागद काढून कोरडा भुसा अंथरला, तोही बोटाच्या एका पेराएवढाच. आणि जूनमध्ये पहिला पाऊस लागला त्या आठवड्यात तो काढून पुन्हा पांढरा कागद घातला.